कोझी रहस्यकथा

कोझी रहस्यकथा हा गुन्हेशोधकथेचा एक सौम्य उपप्रकार होय. या कथांत गुन्हा घडतो, बहुधा खूनच घडतो. मात्र तो वाचकाच्या डोळ्यांदेखत घडत नाही, रक्तपाताची वर्णने येत नाहीत आणि तपास करणारी व्यक्ती सहसा पेशाने पोलीस नसते. मूळ इंग्रजी शब्दात ऊब आणि निवांतपणा हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत या प्रकारास एकच एक नाव रूढ झालेले नसल्यामुळे प्रस्तुत लेखात ‘कोझी’ व ‘सौम्य रहस्यकथा’ हे दोन्ही शब्द योजले आहेत. हा प्रकार प्रामुख्याने मालिकेच्या रूपात वाढला. त्यामुळे कोणते पुस्तक आधी वाचावे आणि कोणास कोणते सुचवावे, हा प्रश्न त्याच्या वाचनाशी सुरुवातीपासून जोडलेला आहे.

स्वरूप

सौम्य रहस्यकथेचे स्थळ लहान असते: एखादे खेडे, बेट, वसतिगृह, रेल्वेचा डबा किंवा एकच वाडा. पात्रे मोजकी असून ती एकमेकांना ओळखतात. संशयित बाहेरून येत नाही. तो ओळखीच्यांपैकीच असतो, आणि कथेतील खरी धास्ती हीच असते. ज्याच्या घरी आपण काल चहा घेतला त्याने हे केले असेल काय, हा प्रश्न पिस्तुलापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे. म्हणून ‘सौम्य’ याचा अर्थ ‘पोरकट’ असा घेणे चुकीचे ठरेल.

दुसरे लक्षण प्रामाणिकपणाचे. तपास करणाऱ्यास जे धागे सापडतात ते वाचकासही दिलेले असले पाहिजेत, असा या कथांचा संकेत आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुन्हेशोधकथेसाठी दहा नियम लिहिले. त्यांपैकी बहुतेकांचा आशय लेखकाने वाचकास फसवू नये असाच आहे. गणिताच्या पुस्तकात उत्तर शेवटच्या पानावर असते, परंतु ते मांडलेल्या पदांवरून निघाले पाहिजे. तोच न्याय येथेही लागू होतो.

उगम आणि प्रसार

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये या प्रकाराचा पाया घातला गेला. अ‍ॅगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांची मिस मार्पल १९२७ मध्ये प्रथम एका लघुकथेत आणि १९३० मध्ये कादंबरीत अवतरली. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी, विणकाम करणारी ही अविवाहित वृद्धा पुढील सर्व हौशी शोधकांची पूर्वज मानली जाते. तिची पद्धत वैज्ञानिक उपकरणांची नाही. समोरचा माणूस आपल्या गावातील कोणासारखा वागतो, हे ती आठवते आणि त्यावरून निष्कर्ष काढते.

‘कोझी’ हे नाव मात्र नंतरचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुन्हेकथा अधिकाधिक हिंस्र होत गेली, तेव्हा जुन्या वळणाच्या कथांना वेगळे नाव देण्याची गरज भासली. एम. सी. बीटन यांची अगाथा रेझिन ही मालिका १९९२ मध्ये सुरू झाली. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी १९९८ मध्ये बोत्सवानातील प्रेशस रामोत्स्वे या बाईंची मालिका आरंभिली. तीत खून जवळजवळ नाहीतच, हरवलेले नवरे आणि लबाड नोकर मात्र पुष्कळ आहेत. रिचर्ड ऑस्मन यांच्या २०२० मधील कादंबरीत निवृत्तांच्या वसाहतीतील चार वृद्ध जुन्या प्रकरणांचा छडा लावतात. भारतीय पार्श्वभूमीवर वसीम खान यांची इन्स्पेक्टर चोप्रा ही मालिका (२०१५ पासून) मुंबईत घडते. सेवानिवृत्तीच्या दिवशीच या अधिकाऱ्याकडे वारशाने हत्तीचे पिल्लू येते. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री ही वकील १९२०च्या दशकातील मुंबईत काम करते.

मराठी परंपरा

मराठीत रहस्यकथेचे पीक मोठे आले, परंतु ते वेगळ्या वाणाचे. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारे अद्भुतरम्य, गूढ कादंबऱ्या लिहिल्या व त्यांना अमाप वाचक लाभले. पुढे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून या क्षेत्रावर अनेक दशके राज्य केले. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. अर्नाळकरांची भाषा स्वच्छ, मजकूर सोज्ज्वळ आणि न्याय शेवटी ठरलेला; एवढ्यापुरते त्यांचे सौम्य रहस्यकथेशी नाते आहे. परंतु त्यांचा नायक वेषांतर करणारा, पाठलाग करणारा साहसवीर आहे. खुर्चीत बसून विचार करण्याएवढी सवड त्याला क्वचितच मिळते. झुंजारची पत्नी विजया त्याच्या कामगिऱ्यांत सहभागी असते, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षात घेण्याजोगी आहे.

गुरुनाथ नाईक यांनीही शेकडो रहस्यकथा लिहिल्या. कॅप्टन दीप आणि गोलंदाज हे त्यांचे नायक. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या मालिकांत दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास असे चार स्वभावांचे चार नायक आहेत. त्यांपैकी अमर विश्वासच्या कथा न्यायालयीन युक्तिवादावर उभ्या असल्यामुळे, तर्काची आवड असणाऱ्या वाचकास त्या अधिक जवळच्या वाटतात.

ही पुस्तके विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेऊन अधिक वाचली गेली. स्वस्त कागद, खिशात मावेल असा आकार आणि एका बैठकीत संपणारी लांबी यांमुळे ती खासगी वाचनालयांतून व रेल्वेच्या डब्यांतून हातोहात फिरली. घरोघरी मुले ती पाठ्यपुस्तकात लपवून वाचत आणि अनेक शाळांच्या कपाटांत त्यांना प्रवेश नव्हता. या दुर्लक्षाची किंमत आज मोजावी लागत आहे. जे ‘साहित्य’ मानले गेले नाही ते जपलेही गेले नाही. जुन्या मालिकांतील कित्येक पुस्तके आता पूर्ण पानांसह मिळणे दुरापास्त झाले आहे. एका अर्थी हा प्रकार वाचून वाचून नाहीसा झाला.

फास्टर फेणे

सौम्य रहस्यकथेच्या सर्वांत निकट जाणारी मराठी मालिका मोठ्यांसाठी नाही, मुलांसाठी लिहिली गेली. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी निर्माण केलेला बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो. किडकिडीत अंगाचा, सायकल भन्नाट पळविणारा आणि काही सुचले की ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा हा मुलगा वीस पुस्तकांतून मराठी मुलांना भेटत राहिला. तो चोरांचा व तस्करांचा माग काढतो, पण अंगबळाने नव्हे. त्याची मालमत्ता म्हणजे चौकस नजर आणि मित्रांवरील विश्वास. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत तो कोठेही गेला तरी सुट्टीत निघालेला शाळकरी मुलगाच राहतो.

भागवतांची भाषा हे या मालिकेचे खरे बळ होय. ती मुलांना खाली वाकून समजावीत नाही. त्यांच्या बरोबरीने धावते आणि मध्येच कोटी करते. शुद्धलेखनाच्या धड्यांनी जे साधत नाही ते या वाक्यांच्या लयीने साधते, असे मत येथे नोंदविण्यास हरकत नसावी. दूरदर्शनवर १९८७ मध्ये आलेल्या मालिकेत सुमीत राघवन यांनी बनेशची भूमिका केली. २०१७ मधील चित्रपटात अमेय वाघ यांनी तरुण झालेला फेणे साकारला आणि दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः भागवतांची भूमिका केली. चित्रपट वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराभोवती रचलेला असून त्याचा सूर मूळ पुस्तकांपेक्षा बराच गडद आहे; चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळणाऱ्या लहान मुलांच्या पालकांनी हा भेद जाणून असावे.

फेलूदा आणि अन्य अनुवाद

सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकातून प्रथम वाचकांसमोर आला. प्रदोष मित्तिर हे त्याचे पूर्ण नाव. तो व्यावसायिक गुप्तहेर असला तरी कथेचा निवेदक त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपसे आहे, त्यामुळे कथांचा सूर घरगुती राहतो. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने बारा पुस्तकांच्या संचात प्रसिद्ध केले. मराठी वाचकास यात एक वेगळा आनंद मिळतो: एक कथा वेरूळच्या कैलास लेण्याच्या परिसरात, तर दुसरी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत घडते. आपलेच लेणे बंगाली मुलाच्या डोळ्यांनी पाहताना शिल्पांची चोरी म्हणजे नेमके काय नष्ट होणे, हे उपदेशाविना समजते.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांमध्ये ज्येष्ठ नट व नाटककार मधुकर तोरडमल हे होते. शेरलॉक होम्सच्या कथांचा अनुवाद भालबा केळकर यांनी केला. दोघेही रंगभूमीवरील माणसे, हा निव्वळ योगायोग नसावा. रहस्य कोठवर झाकावे आणि कोणत्या वाक्यावर पडदा पाडावा याची जाण नाटकवाल्यास असतेच. होम्स हा काटेकोर अर्थाने कोझी प्रकारात मोडत नाही, पण वाचकांचा प्रवास अनेकदा तेथूनच सुरू होतो.

वाचनाचा क्रम

प्रत्येक मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचली पाहिजे असे नाही. मिस मार्पल आणि फास्टर फेणे यांची पुस्तके कोणत्याही क्रमाने वाचली तरी विशेष बिघडत नाही, कारण नायकाचे आयुष्य फारसे पुढे सरकत नाही. फेलूदाच्या बाबतीत ‘सोनार केल्ला’ (१९७१) आधी वाचणे इष्ट: लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू हा विनोदी लेखक तेथेच प्रथम भेटतो, आणि वेरूळ व मुंबईच्या कथांतील निम्मी गंमत त्याच्यामुळे आहे. पॉयरोची ‘कर्टन’ (१९७५) ही कादंबरी शेवटासाठी राखून ठेवावी. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) मात्र शक्य तितक्या लवकर वाचून घ्यावी, कारण तिचा शेवट कोणीतरी उत्साहाच्या भरात सांगून टाकण्याचा धोका कायम असतो. ऑस्मन व मॅकॉल स्मिथ यांच्या मालिकांत पात्रांचे विवाह, आजार, वियोग क्रमाने येतात. ती पुस्तके उलटसुलट वाचल्यास हानी होते.

पुस्तक सुचविताना

अन्य पुस्तकाची शिफारस त्याचे कथानक सांगून करता येते. रहस्यकथेची येत नाही. म्हणून येथे पुस्तकापेक्षा वाचकाविषयी अधिक बोलावे लागते. ग्रंथपालाने किंवा शिक्षकाने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत: मागचे कोणते पुस्तक पूर्ण केले, कोणते अर्धवट टाकले, आणि का. भीतीमुळे टाकले असेल तर फेणे. वर्णने लांबली म्हणून टाकले असेल तर होम्सच्या लघुकथा. पात्रांची नावे लक्षात राहिली नाहीत अशी तक्रार असेल तर फेलूदा. ख्रिस्तीच्या कादंबरीत पहिल्या तीस पानांतच दहा-बारा परकी नावे येतात व नवा वाचक तेथेच अडखळतो. अशा वेळी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर नावे लिहून तोच खुणेसाठी वापरावयास सांगावे. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण त्याने पुस्तके पुरी होतात.

वयाचा विचार करताना एक गोष्ट विसरली जाते. सौम्य कथेतही विषप्रयोग, वारसाहक्काचे तंटे, कौटुंबिक द्वेष असतात. ज्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्याच्या हाती ‘हलकेफुलके’ म्हणून खुनाची कथा देणे योग्य नव्हे. उलट आजारातून उठलेले किंवा एकटे राहणारे अनेक वृद्ध वाचक याच कथा पुन्हा पुन्हा मागतात. शेवटी घडी नीट बसणार याची खात्री हीच त्यांची गरज असते. शेवट ठाऊक असूनही पुस्तक वाचावेसे वाटले, तर ते चांगले समजावे.

मराठी गावाची पार्श्वभूमी

मोठ्यांसाठी लिहिलेली, हौशी शोधकाची, एकाच गावात घडणारी दीर्घ मराठी मालिका सहज दाखविता येत नाही. सामग्रीची उणीव मात्र नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेचे उदाहरण घेता येईल. नावाने ते अजून गाव आहे, पण वस्तीने शहराचा भाग झाले आहे. अशा ठिकाणी जुन्या घरांतील माणसे एकमेकांच्या तीन पिढ्या ओळखतात आणि शेजारच्या नव्या ले-आउटमध्ये कोण राहावयास आले हे त्यांना ठाऊक नसते. ख्रिस्ती यांनी १९६२ च्या एका कादंबरीत सेंट मेरी मीडच्या कडेला अशीच नवी वसाहत उभी केली आणि वृद्ध मिस मार्पलला ती पाहावयास पाठविले. नवी माणसे जुन्याच स्वभावांची निघतात, असे तिच्या लक्षात येते.

सार्वजनिक वाचनालयाची कार्यकारिणी, गणेशोत्सव मंडळाचा हिशेब, सातबाऱ्यावरील एक जास्तीचे नाव, निवृत्त मुख्याध्यापिकेचे जुने हजेरीपट: कोणत्याही तालुक्याच्या गावी हे सारे आयतेच उपलब्ध असते. लेखकाला त्यांपैकी एकाच्या मागे नेटाने जावे लागेल, आणि गुन्हेगार कोण हे पहिल्या प्रकरणाआधीच ठरवावे लागेल.