कीपरची नजर

प्राण्यांना शिकवायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सर्कशीचा तंबू उभा राहतो. चाबकाचा फटकारा, आगीच्या कड्यातून उडी मारणारा वाघ, स्टुलावर बसवलेला हत्ती. विष्णुपंत छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात भारतीय सर्कशीचा पाया घातला, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला हे चित्र परिचयाचे आहे. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी आणली आणि 'शिकवलेला प्राणी' या शब्दांनाच एक काळी छटा चिकटली. ती अकारण नव्हती. परंतु जगातील चांगल्या प्राणिसंग्रहालयांतून आज जे शिक्षण चालते, त्याला प्रेक्षक नसतात, टाळ्या नसतात आणि चाबूक तर नसतोच.

गोरिलाचे उदाहरण घ्या. बंदिवासातील प्रौढ गोरिलांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार हे आहे. तपासणीसाठी सोनोग्राफी करावी, तर दीडशे किलोंहून अधिक वजनाच्या या प्राण्याला आधी भूल द्यावी लागते, आणि दुबळ्या हृदयाला भूल हाच मोठा धोका. म्हणजे तपासणीच जिवावर बेतायची. या पेचातून काही कीपरांनी मार्ग काढला. त्यांनी गोरिलाला जाळीजवळ येऊन छाती टेकवून उभे राहायला शिकवले. डॉक्टर जाळीतून उपकरण छातीला लावतात, गोरिला तेवढा वेळ स्थिर राहतो आणि त्या बदल्यात फळाचे तुकडे खात राहतो. अमेरिकेतील 'झू अटलांटा'ने २०१० मध्ये वानरांच्या हृदयरोगाविषयी जो प्रकल्प सुरू केला, त्यात अशा भुलीविना घेतलेल्या नोंदींना मोठे महत्त्व आले.

हत्तीचा क्षयरोग ओळखण्याची रीत तर याहून नवलाची. सोंडेत थोडे निर्जंतुक मिठाचे पाणी सोडायचे, हत्तीने सोंड उंच धरायची आणि मग ते पाणी पिशवीत फुंकायचे. तो नमुना प्रयोगशाळेत जातो. हत्तीच्या मर्जीवाचून हे कोण करून घेणार? सॅन दिएगो येथील पांडा धातूच्या नळीतून हात बाहेर काढून आतला दांडा धरून ठेवायला शिकले, आणि रक्ताचा नमुना घेणे सोपे झाले. जिराफाच्या खुरांची निगा हाही असाच प्रश्न. त्या लांब मानेच्या जनावराला भूल देऊन आडवे पाडणे पशुवैद्यांना नेहमीच धास्तीचे वाटते.

हे घडते कसे? बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे तत्त्व त्यामागे आहे: ज्या कृतीमागून सुख येते, ती कृती पुन्हा घडते. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या केलर आणि मरियन ब्रेलँड या दांपत्याने १९४०च्या दशकात ते प्रयोगशाळेबाहेर आणले. पुढे १९६०च्या दशकात हवाई बेटांवरील 'सी लाइफ पार्क'मध्ये कॅरेन प्रायर यांनी डॉल्फिनना शिकवले. पाण्यात पोहणाऱ्या प्राण्याला ना दोरी बांधता येते ना काठी दाखवता येते. तेव्हा शिट्टी आणि मासा एवढीच साधने उरली. योग्य कृती झाली की त्याच क्षणी शिट्टी आणि मागोमाग मासा. 'आत्ता केलेस ते बरोबर' एवढेच ती शिट्टी सांगते.

कीपर काठीच्या टोकाला एक चेंडू लावतो. प्राण्याने त्याला नाक लावले की शिट्टी आणि खाऊ. मग चेंडू थोडा पुढे, थोडा वर, जाळीला लागून. सुई टोचण्याआधी कित्येक आठवडे नुसते बोट लावायचे, मग बोथट काडी, मग कापूस. आणि मुख्य अट अशी की प्राण्याला केव्हाही पाठ फिरवून निघून जाता आले पाहिजे. तो गेला तर शिक्षा नाही, त्या दिवसाचा जेवणाचा वाटा कमी नाही. ही अट पाळली जात नसेल, तर साधने बदलली तरी ती सर्कसच म्हणावी लागेल.

या तंत्राच्या मर्यादाही ब्रेलँड दांपत्यानेच १९६१ मध्ये मोकळेपणाने मांडल्या. रॅकूनला त्यांनी नाणी डब्यात टाकायला शिकवले होते. एक नाणे ठीक, पण दोन मिळताच तो ती टाकीना. कंजूष सावकारासारखा हातांत घेऊन एकमेकांवर चोळत बसे. डुकरे नाणे वाटेतच टाकून मुस्काटाने उकरू लागत. प्रत्येक जातीचा जन्मजात स्वभाव बक्षिसावर मात करतो, हे त्यांना कबूल करावे लागले.

आणि जातीच्या आतही प्रत्येक प्राणी वेगळा. कान किती वळला, श्वास केव्हा बदलला, शेपटीचे टोक केव्हा ताठ झाले, हे ओळखता येत नसेल तर शिट्टी नेहमी अर्धा क्षण उशिराच वाजायची. येथे शिकवणाऱ्याचे आणि चित्रकाराचे काम एकमेकांजवळ येते. जहांगीर बादशहाच्या संग्रहातील प्राण्यांची चित्रे काढणाऱ्या उस्ताद मन्सूरने १६२१ साली रंगवलेला झेब्रा पाहावा. 'एक झेब्रा' असे त्याला म्हणवत नाही, तो तोच एक झेब्रा वाटतो.

अशा चित्राचा व्यवहारात केवढा उपयोग होतो, हे पीटर स्कॉट या इंग्रज चित्रकार-पक्षितज्ज्ञाने दाखवून दिले. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटचे हे चिरंजीव. त्यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. रशियाच्या उत्तरेकडील टुंड्रातून ब्यूइक जातीचे हंस हिवाळ्यात तेथे येत आणि टाकलेले दाणे टिपायला सरावत. १९६४ मध्ये स्कॉट यांच्या लक्षात आले की चोचीवरील काळ्या-पिवळ्या रंगांची ठेवण प्रत्येक हंसाची निराळी आहे. त्यांनी एकेकाची चोच समोरून आणि बाजूने चितारायला घेतली, नावे दिली. त्यातून कोण कोणाचा जोडीदार, कोण पिलांसह परतला, कोण आलाच नाही, याची वर्षानुवर्षांची वंशावळ तयार झाली. हजारो हंसांची नोंद अशी झाली. सगळे हंस सारखेच दिसतात म्हणणाऱ्याला ती कधी करता आली नसती.

प्राण्याच्या हाती कुंचला देण्याची हौस मात्र वेगळी ठेवावी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात डेस्मंड मॉरिस यांनी काँगो या चिंपांझीकडून सुमारे चारशे चित्रे काढवून घेतली, १९५७ मध्ये त्यांचे प्रदर्शनही झाले. मॉरिस स्वतः चित्रकार. चित्रासाठी खाऊ देऊ लागल्यावर एका वानराचे काय झाले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याचे रेषांवरचे लक्ष उडाले. कशातरी रेघोट्या ओढायच्या आणि हात पुढे करायचा, एवढेच उरले.

आता कॅमेरा आहे, संगणक चेहरे ओळखतो, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन पिंजऱ्यासमोर तासभर बसणारा कीपर जुनाट वाटेल. पण शिकार होणारी बहुतेक जनावरे आजार लपवतात. कळपात दुबळेपणा दाखवणे त्यांना परवडत नाही. हरणाची डोळ्याखालची किंचित सूज, हत्तीच्या गंडस्थळावर पडू लागलेला खड्डा, ही चिन्हे पशुवैद्याच्या फेरीत निसटू शकतात. जबड्याची रेघ काल ज्याने स्वतः काढली आहे, त्याला आज ती बदललेली दिसते, आणि औषधाला वेळ असतानाच दिसते.