केंद्रगामी प्रेरणा व वर्तुळाकार गतीतील कार्य

वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या पदार्थावर वर्तुळकेंद्राच्या दिशेने असलेल्या प्रेरणेस केंद्रगामी प्रेरणा म्हणतात. ही प्रेरणेची निराळी जात नव्हे. दोरीतील ताण, घर्षण, रुळाचा दाब किंवा गुरुत्वाकर्षण यांपैकी जी प्रेरणा पदार्थास सरळ रेषेपासून वळविते, तिला हे नाव मिळते. द्रव्यमानास चालीच्या वर्गाने गुणून त्रिज्येने भागले असता तिचे मूल्य मिळते. वर्तुळाकार गतीविषयीचे नियम हायगेन्झ यांनी १६७३ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि त्यांचा विचार केंद्रोत्सारी प्रेरणेचा होता. केंद्राकडील ओढीस स्वतंत्र संज्ञा न्यूटन यांनी दिली व १६८७ च्या आपल्या ग्रंथात तिचा विस्ताराने उपयोग केला.

प्रेरणा ‘कार्य करते’ असे बोलण्याचा प्रघात आहे. परंतु भौतिकीत कार्य म्हणजे विस्थापन व त्या दिशेतील प्रेरणेचा घटक यांचा गुणाकार. वर्तुळावरील प्रत्येक क्षणिक विस्थापन स्पर्शरेषेच्या दिशेने, तर केंद्रगामी प्रेरणा त्रिज्येच्या दिशेने असते. या दिशा परस्परांस लंब असल्याने प्रेरणा कितीही मोठी असली, तरी तिचे कार्य शून्यच येते. ती दिशा बदलते, चाल नव्हे.

आगगाडीच्या वळणावर याचा प्रत्यय येतो. पनवेलहून आपटे, जिते, पेण या स्थानकांवरून जाणारा रुंदमापी लोहमार्ग रोह्यास पोहोचतो व तेथून कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या या रेल्वेची आखणी करताना वळणांची किमान त्रिज्या १,२५० मी. धरली होती. अशा वळणावर ताशी १०० किमी. चालीने जाणाऱ्या ५० टनी डब्यास सु. ३१,००० न्यूटन केंद्रगामी प्रेरणा लागते. चाल निम्मी केल्यास प्रेरणा एकचतुर्थांश पुरते. वळण १ किमी. लांबीचे असल्यास प्रेरणा व अंतर यांचा नुसता गुणाकार ३.१ कोटी जूल होतो. एवढे कार्य डब्यावर खरोखर झाले असते, तर त्याच्या सु. १.९ कोटी जूल गतिज ऊर्जेत दीडपटीहून अधिक भर पडली असती. तसे काहीच घडत नाही.

मग वळणावर एंजिनास अधिक जोर का लावावा लागतो? चाकाची कड रुळास घासते, आणि हे घर्षण गतीच्या विरुद्ध, म्हणजे स्पर्शरेषेतच असते. त्याविरुद्ध मात्र कार्य करावे लागते. म्हणून तीव्र वळणांवर रुळाच्या आतील बाजूस वंगण लावतात. बाहेरचा रूळही उंच बसवितात, त्यामुळे रुळांच्या दाबाचा आडवा घटक डब्यास वळवितो. वरील उदाहरणात ही उंची सु. ११ सेंमी. येते. ती एकाच चालीस तंतोतंत जुळते. गाडी अधिक वेगाने गेल्यास बाहेरच्या रुळावर, सावकाश गेल्यास आतल्या रुळावर भार वाढतो. नेरळ–माथेरान (१९०७) या अरुंद मार्गाची वळणे इतकी तीव्र आहेत, की तेथे चालच कमी ठेवावी लागते.

चाल बदलत असल्यास हिशोब वेगळा होतो. शेतात पाखरे उडविणारा राखणदार गोफण गरगरा फिरविताना हात लहानशा वर्तुळात दगडाच्या किंचित पुढे ठेवतो. दोरीची ओढ तेव्हा बरोबर त्रिज्येत नसते. तिचा स्पर्शरेषेतील घटक कार्य करतो आणि दगड वेग घेतो. दोरी सुटताच तो केंद्रापासून बाहेरच्या दिशेने न जाता स्पर्शरेषेने निघतो.

ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेतही सूर्याचे आकर्षण गतीस सर्वत्र लंब नसते. पृथ्वी सूर्याजवळ येताना त्याचे कार्य धन, दूर जाताना ऋण असते व एका प्रदक्षिणेत बेरीज शून्य होते. त्यामुळे तिची चाल जानेवारीच्या आरंभी सेकंदास सु. ३०.३ किमी., तर जुलैच्या आरंभी सु. २९.३ किमी. असते.