शिवराई : ओळख व काळनिर्णय

मुळशी तालुक्यांतील मारुंजीसारख्या गांवीं जुन्या घरांतून दफ्तराच्या रुमालाशेजारीं तांब्याच्या जाड पैशांची पुरचुंडी पुष्कळदां निघते. आणि हे पैसे शिवछत्रपतींच्या वेळचे, असें घरचीं माणसें श्रद्धेनें सांगतात. हें विधान बहुधा खरें नसतें. तें कां, याचा थोडक्यांत ऊहापोह येथें करावयाचा आहे.

शके १५९६ (इ. स. १६७४) मधील राज्याभिषेकाशीं सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं नाणीं निगडित आहेत. दोहोंवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं नागरी अक्षरें असतात. हाच लेख पुढें पेशवाई अखेरपर्यंत व नंतरही चालत राहिला. सबब केवळ नांवावरून काळ ठरवितां येत नाहीं.

परीक्षेच्या खुणा तीन. पहिली वजनाची : आरंभींची शिवराई सुमारें एक तोळा भरते; उत्तरकालीन पुष्कळ नाणीं त्याहून हलकीं. दुसरी अक्षरांची : ‘सिव’, ‘छत्रपती’ असे पाठ आढळतात. वैयाकरणास ते खटकतील. परंतु संशोधकास ते साचे कोरणाऱ्या निरनिराळ्या हातांची साक्ष देतात. तिसरी रेघांची : लेखाच्या दोन ओळींमध्यें दुहेरी रेघ असली तर तें नाणें ‘दुदांडी’, म्हणजे उत्तरकालीन समजावें. कांहीं दुदांडींवर फसली सनही असतो; त्यांत ५९० मिळविले असतां इसवी सन येतो. नाणें हातोड्यानें ठोकलेलें व चकती साच्याहून लहान, म्हणून एखादें अक्षर बाहेर गेलें तरी तें खोटें मानूं नये.

कागदपत्रांच्या संग्राहकांसही हा विषय उपेक्षणीय नाहीं. अंकुशी, चांदवडी, मारुंजीनजीकच्या चिंचवड टांकसाळीचे, असे रुपये नानाविध होते. सराफ पारखून बट्टा कापीत. यास्तव कागदांत ‘रुपये शंभर’ वाचून थांबूं नये. ते कोणते, हें पाहिल्याविना दोन रकमांची तुलना व्यर्थ होय. इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकच रुपया ठरला. तथापि शिवराई त्यानंतरही बाजारांत कित्येक वर्षें चालली.

शेवटीं एक विनंती. चिंचेनें घांसून नाणें उजळूं नये. त्यायोगें अक्षरें झिजतात आणि वजनही घटतें. म्हणजे ज्यावर निर्णय करावयाचा तो पुरावाच नष्ट होतो. नाणें कोठें व कशासह मिळालें, हें मात्र त्याच दिवशीं टिपून ठेवावें.