पत्ता बदलला तरी ओळख कायम

कसबा बावड्यातील लाईन बाजारात राहणारा गूळ व्यापारी सकाळी घरातून निघून शाहूपुरीतील पेढीवर पोहोचतो, तेवढ्या वेळात त्याच्या खिशातील मोबाईलचा इंटरनेटवरील पत्ता बहुधा दोनदा बदललेला असतो. घरी वायफाय, वाटेत मोबाईल कंपनीचे जाळे, पेढीवर पुन्हा वायफाय. माणूस तोच, यंत्र तेच. पत्ते मात्र तीन. अशा वेळी चालू असलेला व्यवहार मध्येच तुटू नये, आणि नव्या पत्त्यावरून बोलणारे यंत्र पूर्वीचेच आहे अशी खात्री पटावी, यासाठी संगणकशास्त्रज्ञांना बराच विचार करावा लागला.

अडचणीचे मूळ जुने आहे. १९८१ साली इंटरनेटच्या पत्त्यांचे जे नियम प्रसिद्ध झाले, ते एका जागी स्थिर असणाऱ्या संगणकांसाठी होते. त्यामुळे एकाच आकड्यावर दोन कामे सोपविली गेली : यंत्र कोठे आहे हे सांगणे आणि ते कोण आहे हे सांगणे. यंत्रे माणसांबरोबर फिरू लागली, तेव्हा या व्यवस्थेतील उणीव उघड झाली.

व्यापारी घराण्यांना हा भेद नवा नाही. शाहजोग हुंडीची रक्कम केवळ कागद पाहून दिली जात नसे. ती घेऊन येणारा बाजारात पत असलेला ‘शाह’ आहे की नाही, याची चौकशी करणे हे रक्कम देणाऱ्याचे कर्तव्य मानले जाई. कागद कोणत्या गावाहून आला यापेक्षा तो कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व होते.

पहिला उपाय १९९६ साली ‘मोबाईल आयपी’ या नावाने आला. गाव सोडताना टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवावा आणि पत्रे तेथून पुढे पाठविली जावीत, तशी ही योजना होती. पत्रे पोहोचू लागली, पण ओळख घरच्या पत्त्यालाच बांधलेली राहिली.

१९९९ मध्ये रॉबर्ट मॉस्कोविट्झ यांनी ‘होस्ट आयडेंटिटी प्रोटोकॉल’ची कल्पना मांडली. तीत यंत्राला पत्त्याहून वेगळी ओळख असते. प्रत्येक यंत्राजवळ दोन गणिती किल्ल्या असतात. एक सर्वांना दाखविण्याची. तीच त्याची ओळख. दुसरी गुप्त, तिने स्वाक्षरी करायची. संभाषण सुरू होण्यापूर्वी चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्यात आलेल्या यंत्राला एक छोटे कोडे सोडवावे लागते, म्हणजे खोट्या विनंत्यांचा मारा करणाऱ्यालाच त्याचा भार सोसावा लागतो. पत्ता बदलला की यंत्र स्वाक्षरीनिशी तसे कळविते. समोरचे यंत्र नव्या पत्त्यावर चाचणीचा संदेश पाठवून खात्री करते आणि व्यवहार पुढे चालू राहतो. या नियमांची सुधारित आवृत्ती २०१५ साली प्रसिद्ध झाली.

ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही, कारण तिच्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रे बदलावी लागतात. मात्र व्यवहाराला पत्त्यापासून मोकळे करण्याचा विचार टिकला. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या पद्धतीत प्रत्येक जोडणीला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळे वायफाय सुटले तरी जोडणी टिकू शकते. २०१६ साली आलेल्या ‘यूपीआय’मध्येही पैसे स्वीकारण्याचा पत्ता कायम ठेवून त्यामागील बँक खाते बदलता येते, आणि ॲप नोंदविताना सिमकार्ड व फोन यांची सांगड घातली जाते.

तरीही या साऱ्या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. यंत्र तेच आहे, इतकेच ती सिद्ध करते. ते कोणाच्या हातात आहे, हे नव्हे. नेहमीच्या अडत्याच्या नावाने संदेश येतो, ‘आमचे खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात भरावी.’ लेटरहेड तेच, भाषाही तीच. येथे कोणतीही गणिती किल्ली उपयोगी पडत नाही. अशा संदेशातील क्रमांकावर नव्हे, तर पेढीच्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून स्वतः विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवून बँकेला कळवावे.

पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुला-सुनांना हिशेबाच्या आधी ही रीत शिकवावी. खाते बदलल्याची खात्री करून घेण्यात समोरच्याचा अपमान नसतो. त्यात दोघांच्याही पतीचे रक्षण असते.