जुना मसाला खरवडा, मगच नवी फरशी



खोडव्याचे बुडखे तसेच ठेवून नवी लागण कोणी करीत नाही. न्हाणीघराच्या फरशीचेही तसेच आहे. शिरोड्याला आमच्या पाहुण्यांनी जुन्या मसाल्यावरच नवी फरशी बसविली. वर्षाच्या आत ती पोकळ वाजू लागली, कोपरा उडाला आणि घरातल्या आजींचा पाय कापला.

कारण साधे आहे. नवा मसाला जुन्या थराला धरतो, खालच्या कोब्याला नाही. जुना थर सुटला की फरशी सुटलीच.

म्हणून प्रथम मोरीच्या भोकात बोळा घालावा. थर भिजवून रुंद छिन्नीने आडवा खरवडावा. कोरडा घासू नये. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. तोंडाला मास्क हवाच. धुऊन सुकल्यावर पाणी शिंपडून पाहावे. मुरले तर कोबा मोकळा झाला. थेंब तसेच राहिले तर अजून थर शिल्लक आहे. नव्या फरशीला भोकाकडे मीटरला सव्वा ते दीड सेंटिमीटर उतार ठेवावा. शिरोडा हे मिठागरांचे गाव; तिथे किनाऱ्याची खारी वाळू मसाल्यात घालू नये, लोणा लागतो.

दोन दिवस जास्त मोडतील, पण काम एकदाच होईल.

— ऊस विकास अधिकारी