क्वेसारचा झोत आणि कणकवलीचं पोस्टकार्ड

मार्चअखेरीला मध्यरात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, तर कन्या रास जवळजवळ डोक्यावर असते. तिच्यात ‘३सी २७३’ नावाचा एक ठिपका आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. आठ इंची दुर्बिणीतून, तेही चांगल्या अंधारात, ताऱ्यासारखा दिसतो.

ठिपका, पण तारा नव्हे

तो दोन अब्ज प्रकाशवर्षांपेक्षाही दूर आहे, हे १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ओळखलं. एवढ्या लांबून दिसतो म्हणजे तेज अफाटच. मधोमध महाकाय कृष्णविवर, त्यात पडणारा वायू, आणि थोडं द्रव्य जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकणारे झोत. हा क्वेसार.

वर्षानुवर्षं का बघायचं?

झोतातल्या गाठी पुढे सरकतात, पण आपल्याला दिसणारी चाल वर्षाला एक सहस्रांश विकला, इतपतच. मोंबासाच्या बंदरात ठेवलेलं रुपयाचं नाणं मालवणच्या धक्क्यावरून जेवढं दिसेल, साधारण तेवढी. रेडिओ दुर्बिणीच्या एका डिशचं ते काम नाही. अमेरिकेतल्या ‘व्हीएलबीए’च्या दहा डिश हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरल्या आहेत आणि १९९४ पासून त्याच त्या क्वेसारांची रेडिओ चित्रं पुन्हापुन्हा घेतली जात आहेत. एक चित्र म्हणजे नुसता फोटो. वेग कळायला अल्बमच लागतो.

प्रकाशाच्या पुढे?

१९७७ ते १९८० या तीन वर्षांत ३सी २७३ ची एक गाठ, त्या वेळच्या हिशेबाने, २५ प्रकाशवर्षं सरकलेली दिसली. आइन्स्टाइन चुकले? नाही.

समजा, एक चाकरमानी गणपतीला मुंबईहून पायी निघाला. हिशेबापुरतं अंतर ५०० किलोमीटर धरू. निघताना त्याने मालवणला पोस्टकार्ड टाकलं. टपाल दिवसाला ५० किलोमीटर जातं, तो ४५ चालतो. पहिलं कार्ड दहाव्या दिवशी घरी पोचलं. त्याच दिवशी तो ४५० किलोमीटरवर, कणकवलीच्या आसपास. तिथून दुसरं टाकलं, ते अकराव्या दिवशी आलं. तारखा न बघणारी आजी म्हणणार, “काल मुंबईत होता, आज कणकवलीत!” एका दिवसात ४५० किलोमीटर. झोतही जवळपास आपल्याच रोखाने येतो, किंचित तिरका, आणि स्वतःच्याच प्रकाशाचा पाठलाग करतो. म्हणून वेग फुगलेला दिसतो.

खोडदचं जाळं

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या परिसरात. डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, स्टीलच्या तारेच्या जाळीचा. मच्छीमाराला यात नवल वाटणार नाही: मासा मोठा असेल तर जाळ्याचा आस बारीक कशाला? इथल्या लहरी २१ सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंतच्या. त्या या भोकांतून निसटत नाहीत. वारा मात्र निसटतो आणि डिश हलकी राहते.

गाठींची ती बारीक चाल खोडदला दिसत नाही. तिथली खासियत वेगळी. झोतातले इलेक्ट्रॉन म्हातारे झाले की आखूड लहरी आधी विझतात, लांब लहरी उरतात. त्यामुळे कधीच थांबलेल्या झोतांचे फिकट अवशेष इथे सापडतात. ‘स्पेका’ ही दीर्घिका त्याचं उदाहरण. क्वेसार नव्हे, पण झोतांच्याच कुळातली. जीएमआरटीच्याही निरीक्षणांच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की तिचे झोत एकदा नव्हे, तीनदा पेटले होते.