पवनीचे प्राकृत लेख आणि मराठीचे सामान्यरूप

शालेय व्याकरणात सामान्यरूप म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल, एवढेच सांगितले जाते. ‘देव’चे ‘देवा-’ का होते, याचे उत्तर तेथे मिळत नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनीचे प्राकृत लेख या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत.

वैनगंगेकाठच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील ब्राह्मी दानलेख त्रोटक आहेत. दान कोणाचे, एवढेच बहुधा त्यांना सांगावयाचे असते. साहजिकच षष्ठीचे प्रत्यय त्यांत वारंवार येतात. ‘विसमिताय’ हे स्त्रीलिंगी एकवचन; त्याच लेखातील ‘सवसतानं’ (सर्व सत्त्वांच्या) हे अनेकवचन. पवनीच्याच एका छायास्तंभावर ‘रुपिअम्मस’ हे पुल्लिंगी एकवचन आहे. या रुपिअम्माच्या नावासोबत महाक्षत्रप हे बिरुद येते. नाव परके, प्रत्यय मात्र देशी.

हे तिन्ही प्रत्यय मराठीत आहेत, परंतु ओळख हरवून. ‘देवस्स’चे ‘देवाह’ आणि पुढे ‘देवा-’ झाले. ‘-आय’ आकुंचित होऊन ‘शाळे-’मधील एकार उरला. ‘-आनं’ची शिल्लक म्हणजे ‘देवां-’वरील अनुस्वार. ज्यूल ब्लॉक यांनी सामान्यरूपाची संगती प्राचीन षष्ठीशी लावली ती याच मार्गाने. झिजलेल्या षष्ठीला पुढे ‘-चा’ची जोड मिळाली, त्याच्या व्युत्पत्तीचा वाद येथे नको. ‘देवाचा’ या रूपात स्वामित्व अशा रीतीने दोनदा आलेले आहे: एकदा विसरलेले, एकदा बोललेले.

तुर्की भाषेतही ते दोनदा येते, पण एकाच काळी आणि दोन वेगळ्या नामांवर. ‘आलीनिन एवि’ (अलीचे घर) यात ‘-निन’ स्वामीला लागतो, ‘-इ’ घराला. ‘एविमदे’ (माझ्या घरात) याचे ‘एव’, ‘इम’, ‘दे’ असे मणी सहज सुटे करता येतात. मराठीत जुना मणी नामातच विरघळला, म्हणून तो विकार वाटतो.

नागपुरी वळणाच्या बोलींत ‘देवाला’ऐवजी ‘देवाले’ ऐकू येते आणि या ‘-ले’ला अशुद्ध म्हणून नाके मुरडली जातात. वेगळा आहे तो केवळ बाहेरचा प्रत्यय. त्याआधीचा ‘देवा-’, म्हणजे ‘रुपिअम्मस’मधील षष्ठीचा अवशेष, बोलीत आणि प्रमाणभाषेत एकच आहे.